हळद लागलेला बांगडा

गुरु. ५ सप्टें.

या घरात आज घटनात्मक पेचप्रसंग उद्भवला आहे. वर्तमानपत्र सर्वांआधी वाचण्याचा माझा हक्क, जो मी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात प्रस्थापित केला आणि आजवर प्राणपणाने राखला, तो काढून एका पक्ष्याला देण्यात आला. पक्ष्याला वाचता येत नाही. तरी अग्रलेखावर अभिप्राय त्याने माझ्याआधी नोंदवला, आणि खरं सांगायचं तर माझा फारसा वेगळा झाला नसता.

सौ. म्हणते, "अहो, रद्दी कालच गेली. पिंजऱ्यात एक पान घातलं तर जग बुडेल का?" जग बुडत नाही. तत्त्व बुडतं.

पक्षी परबांचा. शेजारचे परब दरवर्षी गणपतीला कुडाळला जाताना आमच्याकडे किल्ली ठेवतात. यंदा किल्लीबरोबर पिंजरा आला. त्यांच्या चिन्मयीचा बजी. मुठीत मावेल एवढा निळा पोपट, पाठीवर काळ्या लाटा. त्या लाटा पाहून परबांनी नाव ठेवलं: बांगडा.

आमच्या घरात अंड्याचा केकसुद्धा खिडकीशी उभं राहून खाल्ला जातो. तिथे आज सकाळपासून "बांगडा कुठे ठेवू?", "बांगड्यावर ऊन येतंय", "अहो, बांगडा झाका जरा!" समोरच्या बिल्डिंगीत आमच्या कुळाची काय प्रतिमा झाली असेल ते असो.

परब निघताना: "शास्त्रीबुवा, काय्येक त्रास नाय तेचो. खाता, पिता आणि दिवसभर बडबडता. कोणाक कळत नाय काय बोलता ता. तुमचीच जात." (एम.ए. संस्कृत करून विमा कंपनीत नोकरी केली की माणसाला शास्त्रीबुवा म्हणतात. पगारात फरक पडत नाही.)

चिन्मयी कॉलेजात जाते, पण पिंजऱ्याला कपाळ टेकून उभी राहिली तेव्हा पाचवीतली वाटली. "काका, आहे तसा परत द्या हं."

आहे तसा. विम्याच्या धंद्यात इतकी स्वच्छ अट मी पाहिली नाही.

शुक्र. ६ सप्टें.

बांगड्याचा (यापुढे बां.) ताबा माझ्या वडिलांनी, अप्पांनी, घेतला. विचारलं कुणी नाही, हरकतही कुणी घेतली नाही. अप्पा गिरणीत टाइमकीपर होते. गिरणी गेली, तिथे मॉल आला, टाइमकीपर घरी राहिला. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ अजून रोज माझ्या मोबाईलशी ताडून बघतात आणि फरक पडला तर मोबाईल दुरुस्त करायला सांगतात.

नवं वेळापत्रक जाहीर: सकाळी आठला दाणे-पाणी. संध्याकाळी सहाला आधी बां.चे दाणे, मग अप्पांची गोळी, मग आमचा चहा. राजशिष्टाचारात आम्ही तिसरे.

(गोळी म्हणजे ती, रक्त पातळ ठेवायची. ती सुरू झाल्यापासून अप्पांना दाढी करताना पातं लागलं की अर्ध्या घराला कापूस शोधावा लागतो. बां.ची चोच बघून सौ.ला तीच धास्ती. "अप्पा, बोट आत घालू नका हं." अप्पा: "तो सभ्य आहे.")

शनि. ७ सप्टें. चतुर्थी.

आमचा दीड दिवसाचा गणपती ठाण्याला दादाकडे. अप्पा आले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. "पक्ष्याला एकटं कसं टाकायचं?" दादाला फोनवर हे सांगताना मला शब्द सापडेनात. शेवटी "गुडघा" म्हटलं.

मोदक घेऊन संध्याकाळी उशिरा परतलो तर बां.ची वाटी शिगोशीग, पिंजऱ्यात दाणे, फरशीवर दाणे. बां. दाण्यांच्या ढिगावर उभा, माल ठेवायला जागा न उरलेल्या वाण्यासारखा.

"अप्पा, कितीदा घातलेत?"

"एकदाच. सहाला."

"मग हे एवढे?"

"त्याने सांडले असतील."

सौ. स्वयंपाकघरात जाऊन हसली. "तुमच्या ताटात कधी एवढं वाढलं होतं का हो त्यांनी?" नव्हतं. मला परवचा चुकला की भात मिळायला उशीर व्हायचा. नातवंडं दादाकडची, ती लांब. प्रेम कुठेतरी साठलं असणार, ते बाजरीच्या रूपाने बाहेर पडतंय. मीही हसलो.

रवि. ८ सप्टें.

बोटाला पट्टी बांधून लिहितोय. अक्षर बघून नंतर मीच हसेन.

दीड दिवसांचं विसर्जन. दुपारनंतर आमच्या गल्लीतून मिरवणुका, ढोल, ताशा, आणि नेमकी खाली एकाने फटाक्यांची माळ लावली. बां. पिंजऱ्यात वेड्यासारखा आपटायला लागला. सौ.ने खिडक्या लावल्या, मी पिंजऱ्यावर चादर टाकली. आवाज सरल्यावर चादर काढली तर तारेवर रक्त. डाव्या पंखावर रक्त. पंख लोंबलेला.

चिन्मयीचा चेहरा डोळ्यांपुढे. आहे तसा.

अप्पा: "श्री, आधी दाबून धर. कापूस लाव आणि दाबून धर."

ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण मी हळद म्हणालो आणि त्याच क्षणी सौ. तूप म्हणाली. इतकं एकमत आमच्यात लग्नाचा हॉल ठरवतानाही झालं नव्हतं. व्रण म्हटला की हळद-तूप, हा या घरातल्या तीन पिढ्यांच्या गुडघ्यांवर सिद्ध झालेला प्रयोग. वाटीत कालवलं. सौ.ने टॉवेलात पक्षी धरला. मी बोटाने लेप द्यायला गेलो, बां.ने बोट फोडलं. (सभ्य!) जखमी दोन. तूप पंखावर, मानेवर, पोटावर, टॉवेलावर, माझ्या चष्म्यावर.

रक्त थांबलं. त्याचं आधी, माझं नंतर. बां. दांडीवर फुगून बसला, पिवळाजर्द, तुपकट, कडेकडेला निळा. सौ. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आता फक्त तव्यावर टाकायचा राहिलाय."

हसू नये अशा वेळी हसू येतं त्याला काय करावं. थरथरतोय तो. उद्या डॉक्टर.

सोम. ९ सप्टें.

माटुंग्याला पक्ष्यांच्या डॉक्टर आहेत. वय माझ्या पुतणीएवढं. पिंजऱ्यावरचं फडकं काढलं आणि वाकून वास घेतला.

"हे काय लावलंय?"

"हळद. आणि साजूक तूप."

"कुणी सांगितलं?"

"परंपरेने."

हसल्या नाहीत. मग मला विद्यार्थ्यासारखं उभं करून जे सांगितलं ते असं: नव्या पिसाच्या दांडीत रक्त असतं. तसं पीस मोडलं की रक्त येतं. पक्ष्याला अलगद टॉवेलात धरायचं, छाती न आवळता, नाहीतर श्वास कोंडतो. घरातलं कॉर्नफ्लॉवर किंवा मैदा लावायचा आणि कापसाने हलकेच दाबून धरायचं. चार-पाच मिनिटांत थांबलं नाही तर इथे आणायचं, कारण एवढ्याशा जिवात रक्तच किती असणार. तूप, तेल, मलम काही नाही. पिसं चिकटतात, ऊब जाते आणि पक्षी जखमेने नव्हे, गारठ्याने जातो.

"दाबून धरायचं, हे माझे वडील म्हणाले होते," मी म्हणालो.

"मग वडिलांचं ऐकायचं."

घरी बाकी सगळं सांगितलं, हे एवढं अप्पांना नाही.

मोडकं पीस डॉक्टरांनी चिमट्याने काढलं, कोमट पाण्यात सौम्य साबण घालून बां.ला धुतलं. जाताना आणखी एक: "पक्षी दुखणं लपवतात हं. थव्यात जो आजारी दिसतो तो आधी उचलला जातो. म्हणून शेवटपर्यंत ठीक असल्यासारखे वागतात. जखमेकडे नको, वागण्याकडे लक्ष ठेवा. काही नेहमीपेक्षा वेगळं करतोय का, एवढंच."

तूप गेलं, हळद राहिली. निळ्यात पिवळा मिसळला की काय होतं हे शाळेत चित्रकलेच्या तासाला शिकलो होतो. त्याचा असा पडताळा येईल असं वाटलं नव्हतं. बां. हिरवा झाला आहे.

मंगळ. १० सप्टें.

कुडाळहून व्हिडिओ कॉल. टाळता आला नाही. मागे गौरींची गडबड.

"काका, तो हिरवा का दिसतोय?"

"प्रकाश."

"कसला प्रकाश?"

"संध्याप्रकाश." (सकाळचे अकरा.)

मग पडद्यावर परबांचं कपाळ. "शास्त्रीबुवा, खरां काय ता सांगा. बांगडो गेलो आणि तुम्ही बाजारातसून दुसरो हाडलात?"

सगळं सांगितलं. ढोल, रक्त, हळद, तूप. पलीकडून आधी वहिनींच्या हसण्याचा आवाज, मग परबांच्या, मग घरभर. चिन्मयी एकटी हसली नाही. तिची एक शीळ आहे, दोन वर एक खाली, तिला बां. उत्तर देतो म्हणे. फोनवर तिने ती घातली. बां.ने फोनकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

"हा माझा नाहीये, काका."

माझी सचोटी एका पक्ष्याच्या कंठात अडकली आहे.

अप्पांच्या अंगात भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सदरा. म्हटलं, कुणी यायचंय का? "सण आहे," म्हणाले. बां.ची वाटी आजही भरून वाहत होती. ओरडलो नाही. खाऊ दे, रक्त भरायचंय त्याला.

गुरु. १२ सप्टें.

दोन घटना.

एक. सौ.ने सुपासाठी कॉर्नफ्लॉवरचा डबा उघडला तर तळ दिसतोय. "बांगड्याच्या औषधाचं म्हणून बाजूला ठेवलं होतं ना तुम्ही? लावलंत की भजी केलीत त्याची?" मी हात लावलेला नाही. तिनेही नाही. अप्पा पेपर वाचत होते, पान उलटलं नाही.

दोन. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर पिंजऱ्याखालच्या कागदावर रक्त. ठिपके नव्हेत, थेंब. मोठे, सुकून काळसर, कडेकडेने. टॉवेल, कापूस, सौ.ला हाक, सगळं शास्त्रशुद्ध. बां.ला उलटसुलट पाहिलं, पंख, नखं, चोच. जखम सापडेना.

अप्पा मागून: "सोड त्याला. काही झालेलं नाही त्याला."

"रक्त आहे अप्पा!"

"त्याला काही झालेलं नाही म्हणतोय ना मी." आवाज गिरणीच्या फाटकावरचा.

आत कुठे रक्त जात असेल तर? डॉक्टरांचं वाक्य डोक्यातून जात नाही, शेवटपर्यंत ठीक असल्यासारखे वागतात.

शुक्र. १३ सप्टें.

रजा टाकून माटुंगा. कागदही नेला, पुरावा म्हणून.

डॉक्टरांनी बां.ला तपासलं. भिंगाने, दिव्याखाली. बां. तेवढ्यात त्यांच्या पेनचं टोपण कुरतडत होता.

"कुठेही जखम नाही. जुनीही भरत आलीय."

"मग हे?"

कागद बघितला. मग माझ्याकडे. "हे एवढं रक्त याचं गेलं असतं तर हा माझं पेन खात बसला नसता. हे याचं नाही." कागद परत दिला. "घरात आणखी प्राणी?"

"नाही. मी, पत्नी, वडील."

"मग घरातल्या माणसांचे हात बघा."

टॅक्सीत बसल्यावर समजलं. सगळं एकदम. सदरा, डबा, "त्याला काही झालेलं नाही."

अप्पा बाही वर करेनात. सौ. पुढे झाली आणि तिने बटण काढलं. तिला ते नाही म्हणत नाहीत. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक ओरखडे, त्यांवर कॉर्नफ्लॉवरचे पोपडे, कणीक मळून हात तसाच वाळवावा तसे. आणि मध्ये मध्ये जांभळे-काळे डाग, ओरखडा नसलेल्या ठिकाणीसुद्धा.

मग अप्पांकडून कळलं ते असं: दुपारी सौ. आडवी झाली आणि मी ऑफिसात असलो की बां. बाहेर येतो. अप्पांच्या हातावर बसतो. नखं रुततात. बस.

"आणि हे पीठ?"

"तुझ्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय."

"पक्ष्याला सांगितलंय, अप्पा!"

"रक्त ते रक्त." मग जरा वेळाने, "थांबायचं की. वेळ लागायचा, पण थांबायचं."

"मला सांगायचं नाही का?"

"तू पिंजरा उचलून दाराबाहेर ठेवला असतास."

ठेवला असता.

शनि. १४ सप्टें.

आमचे नेहमीचे डॉक्टर. हात पाहून त्यांनी बां.ला दोष दिला नाही, याचं मला नवल वाटलं. हिरड्या बघितल्या, डाग दाबून पाहिले. "नखाने ओरखडा येतो. हे डाग नखाचे नाहीत. गोळी रोज एकच घेता ना?"

अप्पा दुखावले. "मी टाइमकीपर होतो."

रक्त तपासायला दिलं. संध्याकाळी लॅबने दिलेला आकडा कळवला तेव्हा डॉक्टर फोनवर आधी नुसतं "हं" म्हणाले. रक्त फारच पातळ झालंय. गोळी बंद. एक औषध लिहून दिलं. पडू द्यायचं नाही. डोकं दुखलं, उलटी झाली, कुठूनही रक्त आलं तर थेट हॉस्पिटल. सोमवारी परत तपासणी.

सौ.ने खण उघडला. गोळ्यांची पट्टी संपलेली. महिना संपायचा आहे.

बसलो अप्पांजवळ. म्हटलं, "अप्पा, गोळी कधी घेता?"

"दाण्यांनंतर. आधी त्याचे दाणे, मग माझी गोळी. त्याचा विसर पडत नाही, ओरडतो तो. म्हणजे माझाही पडायला नको."

व्यवस्था चोख होती. जितक्यांदा दाणे, तितक्यांदा गोळी.

"पण अशी व्यवस्था करावीच का लागली?"

घड्याळाकडे बघितलं त्यांनी. "अलीकडे जरा..." म्हणाले. पुढे बोलले नाहीत. बां. मात्र बडबडत होता.

सोम. १६ सप्टें.

आकडा उतरला. पुरता नाही, पण डॉक्टर "हं" म्हणाले नाहीत. सौ.ने देवीला नारळ बोलून ठेवला होता म्हणे, मला आज कळलं.

गोळ्यांचा खण आता सौ.कडे. अप्पांनी किल्ली देताना तिला म्हटलं, "चार्ज घेतल्याची सही करा."

बां. मानेपाशी निळा दिसू लागलाय. दुपारी चिन्मयीचा फोन. शीळ. बां.ने मान तिरकी केली, आणि दोन वर, एक खाली. पलीकडे ती रडत होती का हसत होती कळलं नाही. "काका, सॉरी."

सचोटी परत मिळाली. तिचं काय करायचं ते सुचत नाहीये.

बुध. १८ सप्टें.

परब उद्या सकाळी पोचतात. पिंजरा धुतला. सौ.ने चिन्मयीसाठी नारळाच्या वड्या केल्या, नुकसानभरपाई.

अप्पा दुपारी म्हणाले, "त्या मुलीला विचारून बघ. कॉलेज असतं तिचं. दिवसभर पक्षी एकटाच." मी म्हटलं, तुमचे हात? "पूर्ण बाह्या घालीन की." विचारीन म्हटलं. विचारावं की नाही ठरत नाही.

संध्याकाळी मी पेपर घेऊन बसलो होतो. सहाला अप्पांनी दाणे घातले. खणाकडे गेले, तो बंद, परत येऊन बसले. सौ.ने चहा आणला. चहा झाला. खाली मुलं मंडपाचे बांबू मोजत ओरडत होती. अप्पा उठले, दाण्यांचा डबा उघडला आणि पुन्हा वाटी भरली. माझ्याकडे बघून म्हणाले, "सहा वाजले ना."

सातला वीस कमी होते. मी हो म्हटलं.

बां.ने वाटीकडे पाहिलं, खाल्लं नाही.

सात तारखेला हीच वाटी भरलेली पाहून मी हसलो होतो. इथे लिहूनही ठेवलंय.

पक्षी उद्या जाईल किंवा राहील. हळद निघेल. गोळीचं सौ. बघेल. अप्पा विसरायला लागलेत. ते त्यांना माझ्याआधी कळलं, आणि आम्हाला कळू नये म्हणून या वयात त्यांनी एकट्याने उपाय शोधला. दादाला काय सांगू? गुडघा म्हणून चालणार नाही. मला फार भीती वाटते.